ओक्लाहोमा सिटीचे काउबॉय म्युझियम आणि सोमवारचा गुरांचा बाजार : आखणी कशी करावी?

वाटसरू_६६
डलासहून गाडीने ओक्लाहोमा सिटी, दोन दिवस आणि एक रात्र. चार मोठी माणसे (त्यातली दोन सत्तरीपुढची) आणि आठ वर्षांची मुलगी. मुख्य ठिकाण नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत, असा विचार आहे. म्युझियमला किती वेळ ठेवावा, आसपास काय पाहावे, आणि निम्मे लोक शाकाहारी, उरलेले गोमांस खात नाहीत, तर जेवणाचे काय? माहितगारांनी सांगावे.

कासरा
पहिली दुरुस्ती वारांची. शनिवार-रविवार नको, रविवार-सोमवार करा. एक दिवस रजा पडेल, पण सहल दुप्पट चांगली होईल.

कारण असे. म्युझियमच्या नैऋत्येला पंधरा-वीस मिनिटांवर ओक्लाहोमा नॅशनल स्टॉकयार्ड्स आहे. १९१० पासून चालू असलेला गुरांचा बाजार, आणि लिलाव होतो सोमवारी व मंगळवारी. म्युझियममध्ये जे काचेआड दिसते ते इथे जिवंत चालू असते. शनिवारी गेलात तर फक्त रिकामी कुंपणे आणि वास.

वेळेचे गणित : डलास ते ओक्लाहोमा सिटी साधारण २०५ मैल, म्हणजे ३३० किलोमीटर, सगळा आय-३५ महामार्ग. थांबे धरून चार तास. रविवारी म्युझियम दुपारी १२ ते ५ उघडे असते (इतर दिवशी १० ते ५). सकाळी साडेसातला निघा, डेव्हिसजवळ एक थांबा घ्या, बाराला दारात. पाच तास पुरतात. सोमवारी पहाटे बाजार, मग दुसरे एखादे ठिकाण, दुपारी तीनला परतीला लागा.

आय-३५ वरून आय-४४ पश्चिमेकडे घ्या आणि मार्टिन ल्यूथर किंग ॲव्हेन्यूला उतरा, की ईशान्य ६३ व्या रस्त्यावर म्युझियम. पार्किंग फुकट. तिकिटाचे दर आणि सणावारांच्या सुट्ट्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहा, इथे लिहिलेले आकडे शिळे होतात.

पाचवा_कोपरा
वेळ असाच जातो, म्हणून म्युझियम आतून कोणत्या क्रमाने पाहावे ते लिहितो.

संस्था १९५५ ची, इमारत उघडली १९६५ मध्ये. कल्पना चेस्टर रेनॉल्ड्स यांची, जे 'ली' जीन्सच्या कंपनीत वरच्या पदावर होते. त्यामुळे सुरुवातीचा भर 'हॉल ऑफ फेम'वर, म्हणजे नामवंतांच्या गौरवावर होता. आजचे नाव २००० पासूनचे. लोक 'काउबॉय म्युझियम' म्हणतात आणि आत गेल्यावर गोंधळतात, कारण निम्म्याहून अधिक भाग कला आणि मूलनिवासींच्या वस्तूंचा आहे. रेमिंग्टन, रसेल हे कलावंत, आणि बीअरश्टाटचे १८६७ चे स्थलांतरितांच्या गाड्यांचे मोठे चित्र. चित्रांत रस नसेल तर तिथे अर्धा तास, असेल तर दीड.

दारातून आत येताच समोर 'द एंड ऑफ द ट्रेल'. जेम्स अर्ल फ्रेझरचा १८ फुटी पुतळा : थकलेला घोडा, त्यावर मान टाकून बसलेला योद्धा, भाला खाली झुकलेला. हा ब्राँझ नाही, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनासाठी केलेला मूळ प्लास्टरचा आहे. प्रदर्शन संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलियाच्या बागेत तो अनेक दशके ऊनपावसात उभा होता. १९६८ मध्ये म्युझियमने मिळवून दुरुस्त केला. बाजूने पाहा : घोड्याची शेपटी आणि स्वाराची पाठ, दोन्हींवर मागून वारा लागतोय हे तिथूनच कळते.

पुढे डावे-उजवे करण्यापेक्षा थेट अमेरिकन काउबॉय दालनात जा, ताजे असताना. इथे वाचण्यासारखे सगळ्यात जास्त. खोगिरांपाशी रेंगाळा. पाश्चात्त्य खोगिराला पुढे जे शिंग असते, ते शोभेचे नाही. फास टाकल्यावर दोरीचे दुसरे टोक त्यालाच. टेक्सासवाले दोरी शिंगाला पक्की बांधून ठेवत. कॅलिफोर्नियाकडचे वाकेरो (घोड्यावरचे गुराखी) फास पडल्यावर शिंगाला वेढे देत, म्हणजे गरज पडली तर सोडता येई. पहिल्या पद्धतीत जनावर सुटत नाही, पण घोडा पडला तर स्वारही अडकतो. दुसऱ्यात अंगठा वेढ्यात सापडून तुटण्याची भीती. या एका फरकाने खोगीर बदलले : टेक्सासचे दोन तंगांचे (तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा), कारण ताण सगळा शिंगावर आणि मागचा भाग उचलला जातो, कॅलिफोर्नियाचे एका तंगाचे, तंगही जरा मागे सरकवलेला. हे माहीत असले की रांगेतली खोगिरे एकसारखी दिसत नाहीत.

शब्दही तिथलेच आहेत. लॅरिएट म्हणजे 'ला रेआता', चॅप्स म्हणजे 'चापारेरास', बकरू म्हणजे 'वाकेरो'. सगळा धंदा मेक्सिकोतून आला, इंग्रजीने फक्त उच्चार मोडले.

काटेरी तारेच्या कपाटांना लोक हसून पुढे जातात. जाऊ नका. जोसेफ ग्लिडनला २४ नोव्हेंबर १८७४ ला पेटंट मिळाले ते काटा शोधला म्हणून नाही. काटे आधीही होते, पण एकेरी तारेवर सरकत, आणि तार थंडीत आखडून तुटे. ग्लिडनने दोन तारांचा पीळ घातला. पिळात काटा अडकून राहतो, आणि थंडी-उन्हात तार आखडली-सैल झाली तर पीळ ते सोसतो. पुढच्या पंधरा वर्षांत मोकळे रान संपले. त्यात रेल्वे आणि १८८६-८७ चा भयंकर हिवाळा यांचाही हात आहे, पण तार नसती तर कुंपण घालायला त्या मैदानात लाकूडच नव्हते.

कासरा
+१. आणि जनावरांवरचे डाग, म्हणजे डागून उमटवलेल्या मालकीच्या खुणा, वाचायची पद्धत आधी शिकून जा, मुलीला त्यात जास्त मजा येईल. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत. आडवे पडलेले अक्षर 'लेझी', उलटे 'क्रेझी', खाली कमान असली तर 'रॉकिंग', पंख असले तर 'फ्लाइंग', पाय असले तर 'वॉकिंग'. आडवी रेघ 'बार', तिरकी 'स्लॅश'. एवढ्यावर भिंतीवरचे बरेचसे डाग मोठ्याने वाचता येतात.

रानवारा
मुलीसाठी दोन जागा. आत 'प्रॉस्पेरिटी जंक्शन', १४,००० चौरस फुटांचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे गाव, मुद्दाम संध्याकाळच्या उजेडात ठेवलेले. शाळा, चर्च, सलून, लोहार. बऱ्याच इमारतींत आत जाता येते. फोटो हलतात, कारण उजेड कमी. फोन कशाला तरी टेकवून काढा.

बाहेर 'लीचोकोश्कोमो', २०२० मध्ये उघडलेले. चिकासॉ भाषेत अर्थ 'चला, खेळू या'. मातीचे घर, टीपी (शंकूसारखा तंबू), चक वॅगन (गुराख्यांचे चाकांवरचे स्वयंपाकघर), सगळे हात लावून पाहायचे. सावली कमी. उन्हाळ्यात हे बाराला उरका किंवा साडेतीननंतर ठेवा. वीज-पावसात हा भाग बंद होतो, तेव्हा आभाळ भरलेले असेल तर सगळ्यात आधी इथेच जा.

चक वॅगनबद्दल एक : चार्ल्स गुडनाइटने १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीला मागे कप्प्यांची पेटी लावली, तिचे झाकण उघडले की टेबल. गाडीखाली कातड्याची झोळी बांधलेली दिसेल, ती सरपणाची. लाकूड नाही मिळाले तर वाळलेले शेण. मुलीला गोवऱ्या म्हणजे काय हे आजी-आजोबांकडून तिथेच समजावता येईल.

मिसळ_विदाउट_पाव
एवढे दूर कशाला? डलासकरांना फोर्ट वर्थ पाऊण तासावर. तिथेही स्टॉकयार्ड्स, रोज सकाळी साडेअकरा आणि दुपारी चारला लाँगहॉर्न या लांब शिंगांच्या गुरांचा जथा एक्सचेंज ॲव्हेन्यूवरून नेतात. शुक्रवार-शनिवारी रात्री काउटाउन कोलिसियममध्ये रोडिओ (उसळत्या घोड्या-वळूंवर टिकण्याचे वगैरे खेळ), ती इमारत १९०८ ची. काउगर्ल म्युझियमही फोर्ट वर्थमध्येच. सगळे एका दिवसात.

कासरा
फोर्ट वर्थ जरूर करा, पण वेगळ्या शनिवारी. तिथला जथा पंधरा-वीस जनावरांचा असतो, ठरलेल्या वेळी निघतो आणि काही मिनिटांत संपतो. तो पाहुण्यांसाठीच आहे. ओक्लाहोमा सिटीत कोणी तुमच्यासाठी काही करत नाही, हाच तिथला फायदा.

लिलावाची रीत सांगतो. सकाळी आठला सुरू होतो, साडेसातला पोचा. गाडी लावल्यावर कुंपणांच्या वरून जाणारा उंच लाकडी पूल आहे, त्यावरून चालत लिलावगृहापर्यंत जाता येते. प्रवेश फुकट. खाली कप्प्या-कप्प्यांत जनावरे, घोड्यावरची माणसे फाटके उघडत-मिटत त्यांना पुढे काढतात. ज्येष्ठांसाठी सूचना : वर चढावे लागते, चालणेही बरेच. गुडघे दुखत असतील तर पुलाचा नाद सोडून थेट लिलावगृहात बसा. बंद बूट घाला. फिकट कपडे नकोत.

आत अर्धगोल बैठक आणि मधे रिंगण. एक कळप आत येतो, वजन फलकावर दिसते : किती डोकी, एकूण वजन, सरासरी. भाव बोलला जातो तो शंभर पौंडांना. समजा बोली ३०० वर थांबली आणि सरासरी ५०० पौंड, तर एक वासरू १,५०० डॉलरचे. नवख्याला कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे हलक्या वासरांचा पौंडाचा भाव बहुतेक वेळा जास्त असतो. कारण घेणारा त्यावर पुढे चढणारे वजन स्वस्तात चढवणार असतो, गवतावर किंवा हिवाळ्यात गव्हाच्या कोवळ्या शेतात चारून. हे 'स्टॉकर'. जे थेट धान्यावर जाणार ते 'फीडर'. हा बाजार या दोन्ही प्रकारांसाठीच नावाजलेला.

नाक खाजवले तर वासरू गळ्यात पडेल ही भीती सोडा. घेणारे नोंदणी केलेले असतात, ओळीत ठरलेल्या जागी बसतात, आणि लिलाव करणारा त्यांच्या भुवईकडेच पाहत असतो. आपल्याकडे हेडी (गुरांचे दलाल) रुमालाखाली बोटे दाबून भाव करतात. इथे भाव उघडा, पण घेणारा कोण ते बघ्याला कळत नाही. सुट्टीच्या आठवड्यात बाजार नसतो, वेळापत्रक पाहून निघा.

सातबारा
लिलावात पाठीवर वशिंड, लोंबती पोळी आणि लांब कान असलेली जनावरे दिसली तर नीट पाहा. ती आपली नातलग आहेत. अमेरिकन ब्राह्मन ही जात गीर, गुजरात (म्हणजे कांकरेज), नेल्लोर आणि कृष्णाकाठच्या जनावरांपासून तयार झाली. कृष्णाकाठ म्हणजे सांगली-साताऱ्याकडची. टेक्सासमध्ये १९०६ ला मोठी आयात झाली, जातीची संघटना १९२४ ची.

कारण सरळ : युरोपीय गुरे आखाती किनाऱ्याच्या उन्हात धापा टाकत आणि गोचीड-तापाने मरत. वशिंडवाल्यांची कातडी सैल, घाम जास्त, केस आखूड, गोचीड कमी. शुद्ध ब्राह्मनपेक्षा संकर जास्त दिसतील. किंग रँचने शॉर्टहॉर्नचे पाच आणि ब्राह्मनचे तीन भाग घेऊन सांता गर्ट्रूडिस केली, तिला १९४० मध्ये मान्यता मिळाली. रोडिओचे उसळणारे वळूही बहुतेक या रक्ताचे.

गोचिडाचा संबंध म्युझियममधल्या, टेक्सासची गुरे उत्तरेला हाकत नेण्याच्या मार्गांच्या नकाशाशीही आहे. टेक्सासची लाँगहॉर्न गुरे स्वतः आजारी पडत नसत, पण त्यांच्या गोचिडांनी वाटेवरची कॅन्ससची गुरे मरत. म्हणून कॅन्ससने बंदीची रेषा आखली आणि ती पश्चिमेकडे सरकवत नेली. नकाशावर जुने मार्ग पूर्वेला आणि नवे पश्चिमेला दिसतात ते यामुळे. त्यातली चिझम ट्रेल ही वाट १८६७ पासूनची, ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत, आजच्या यूएस-८१ च्या आसपासने.

पाचवा_कोपरा
छान. त्यात भर : टेक्सासमध्ये चार डॉलरचे जनावर उत्तरेच्या रेल्वेपाशी चाळीसपर्यंत जाई, म्हणून हजार मैल चालवणे परवडे. कळप दोन-तीन हजारांचा, माणसे दहा-बारा, दिवसाला दहा-पंधरा मैल. जास्त पळवले तर वजन उतरते. नवखा नेहमी शेवटी, 'ड्रॅग'वर, सगळी धूळ त्याच्या नाकात. गळ्यातला रुमाल त्यासाठी. काउबॉयपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असे इतिहासकार धरतात.

रोडिओ दालनातून बाहेर बागेत जा. तिथे गाजलेल्या घोड्यांच्या आणि वळूंच्या समाध्या आहेत. त्यातला टॉर्नेडो हा वळू २२० वेळा कोणाला टिकू देईना. १९६७ च्या डिसेंबरात याच शहरात फ्रेकल्स ब्राउन त्याच्यावर आठ सेकंद टिकला, वय ४६. नॅशनल फायनल्स रोडिओ तेव्हा इथे होत असे, १९८५ पासून लास वेगसला.

विल्सन हर्लीची पाच महाचित्रे समारंभाच्या दालनात आहेत. लग्नकार्य असेल तर ते दालन बंद. तिकीट घेतानाच विचारा.

हिरवी_मिरची
जेवण. हा भाग मन लावून वाचा, कारण नावे फसवतात.

'चिकन-फ्राइड स्टेक' मध्ये चिकन नाही. ते गोमांसच, चिकनसारखे पिठात घोळून तळलेले. कोंबडी हवी असेल तर 'चिकन-फ्राइड चिकन' किंवा 'फ्राइड चिकन' म्हणा, आणि वरची पांढरी ग्रेव्ही वेगळी मागा; तिच्यात मांसाची चरबी असू शकते.

'लॅम्ब फ्राइज' म्हणजे बटाट्याच्या काड्या नव्हेत. ते मेंढ्याचे अंडाशय. स्टॉकयार्ड्समधल्या 'कॅटलमेन्स'ची ती प्रसिद्ध डिश.

हिरवी_मिरची
अंडाशय नाही, वृषण. घाईत चूक झाली.

मिसळ_विदाउट_पाव
मेंढ्याला अंडाशय असते तर बाजारात भाव वेगळा आला असता. :)

हिरवी_मिरची
पुढे. राजमासदृश 'पिंटो बीन्स' शाकाहारी दिसतात, पण बहुधा बेकन किंवा डुकराच्या हाडावर शिजवलेले असतात. हिरव्या शेंगांचेही तेच. भाजलेला बटाटा, कोलस्लॉ, मक्याचे कणीस, सॅलड हे त्यातल्या त्यात बिनधोक, बेकनचे तुकडे न टाकायला सांगून. 'चिली' (मांसाचा तिखट रस्सा) मागू नका. टोर्तिया असेल तर चरबीबद्दल, म्हणजे 'लार्ड' आहे का, हे त्याच शब्दात विचारा. 'यात मांस आहे का' विचारले की 'नाही' म्हणतात, कारण चरबीला ते मांस मोजत नाहीत.

'कॅटलमेन्स' १९१० पासूनचे. १९४५ मध्ये फाशांच्या पैजेत एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले, दोन तिग्गे पडले म्हणून. भिंतीवरचा ३३ त्याचाच. गोमांस न खाणाऱ्यांनी आत जाऊन न्याहारीला अंडी, बटाटे, टोस्ट घ्यावे, पण तव्याचा वास चालत नसेल तर बाहेरूनच पाहा.

जाताना डेव्हिसपाशी, एक्झिट ५१ ला, तळलेल्या 'पाय' (pie, करंजीसारखा सारणाचा पदार्थ) मिळतात. फळांच्या गोड, काही तिखट. सारणाबरोबर पारीतल्या चरबीचेही विचारा. तिथूनच टर्नर फॉल्स, ७७ फुटी धबधबा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी असते, तिकीटही लागते. बाराला म्युझियम गाठायचे असेल तर जाताना टाळा.

पायताण
खरेदी स्टॉकयार्ड्स सिटीतच, सोमवारी लिलावानंतर. कारागिरांची दुकाने रविवारी उघडी असतीलच असे नाही.

टोपी : डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या किंचित वर मोजा. घेर इंचात, भागिले ३.१४, तोच आकडा मापाचा. ५७ सेंमी म्हणजे सव्वासाताला एक अष्टमांश कमी, ५८ म्हणजे सव्वासात. फेल्टच्या टोपीवर ४एक्स, १०एक्स लिहिलेले असते. तो फेल्टच्या दर्जाचा आकडा, पण कंपनीगणिक बदलतो. एका कंपनीचा १०एक्स दुसरीच्या ६एक्सएवढा असू शकतो. एकाच कंपनीच्या दोन टोप्यांची तुलना करायला तो आकडा ठीक, बाकी बोटांनी पोत पाहा. दुकानातच वाफेवर मोडून हवा तो आकार देतात, तो करून घ्या. ठेवताना उलटी, शेंड्यावर. काठावर ठेवली तर काठ सपाट होतो. तापलेल्या गाडीत ठेवू नका, आतली चामड्याची पट्टी आखडते आणि टोपी लहान होते. तक्रारी येतात त्या बहुतेक याच कारणाच्या. उन्हाळ्यात घालायची असेल तर फेल्ट नको, गवती घ्या.

बूट : नेहमीच्या खेळाच्या बुटापेक्षा बहुधा अर्धे माप कमी लागते. पायाच्या वरच्या उंचवट्यावर घट्ट बसला पाहिजे, कारण नाडी नाही, बूट धरून ठेवणारी जागा तीच. नवीन बुटात चालताना टाच पाव-अर्धा इंच उचलली जाते, ते बरोबर. तळवा वाकायला लागला की थांबते. बोटे दाबली जात असतील तर 'सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका. लांबी कधीच वाढत नाही.

रानवारा
सोमवारचे दुसरे ठिकाण : फर्स्ट अमेरिकन्स म्युझियम, स्टॉकयार्ड्सपासून थोड्याच अंतरावर. २०२१ मध्ये उघडले, ओक्लाहोमातल्या ३९ जमातींचे, त्यांच्याच शब्दांत. दोन-अडीच तास ठेवा. 'एंड ऑफ द ट्रेल' आदल्या दिवशी पाहिलेला असतो, आणि मान टाकलेला तो स्वार म्हणजे 'संपत चाललेले लोक' अशी १९१५ ची समजूत होती. इथे त्याच लोकांची आजची पिढी बोलते. उलट क्रमाने पाहिले तर हा धागा सुटतो. उपाहारगृहात मका, घेवडा, भोपळ्याचे पदार्थ असतात, शाकाहाऱ्यांना सोयीचे.

रविवारी संध्याकाळी उजेड असेल तर ब्रिकटाउनच्या कालव्याच्या टोकाला १८८९ च्या लँड रनचे (जमिनीवर हक्क सांगायला लोक धावले ती शर्यत) ब्राँझचे पुतळे. पाऊण तास. मुलीला घोड्यांमधून धावता येते.

एप्रिल ते जून वादळांचा हंगाम. गाडीसाठी गारा जास्त धोक्याच्या. हॉटेल घेताना छताखालचे पार्किंग मिळाले तर घ्या. फोनवरचे हवामान-इशारे बंद करू नका. आय-३५ वर या टप्प्यात टोल नाही, टेक्सासमधल्या जलद मार्गिका सोडून. तुल्साकडे वळलात तर टर्नर टर्नपाइकला टोल आहे आणि तो नंबरपाटीवरून बिल पाठवून घेतात. भाड्याच्या गाडीत त्यावर कंपनीचा वेगळा आकार चढतो.

वाटसरू_६६
रविवार-सोमवार नक्की केले. ज्येष्ठ लिलावगृहात बसतील, पूल आम्ही तिघे करू. शेवटचा प्रश्न : सासरे महिन्याभराने पुण्याला परतणार, त्यांना काटेरी तारेचा तुकडा आणि टाचेचे काटे (घोडेस्वाराच्या बुटाला लावायचे 'स्पर्स') न्यायचे आहेत.

पायताण
दोन्ही चेक-इन सामानात. हातसामानात काटे सापडले तर तिथेच ठेवून घेऊ शकतात. तारेचा तुकडा पाट्यावर ठोकलेला मिळतो तोच घ्या, सुटा घेतलात तर कपडे फाडतो. टोपी मात्र डोक्यावर घालूनच नेऊ द्या.